बायांच्या बागेची माती

आषाढात सकाळच्या वेळी सिंदेवाहीकडून चंद्रपूरला येणाऱ्या एसटीत एखादी बाई मांडीवर चिखलाचा डबा घेऊन बसलेली असली, तर ती कुठं जाणार हे जुन्या कंडक्टरला विचारावं लागत नाही. नवा असला तर थट्टा करतो.

"मावशी, चंद्रपुरात माती भेटत नाई का? इथून घेऊन चालल्या!"

"भेटते ना बापा. पन माह्या पोरीनं तिथी रोवना नाई केला."

मग उतरताना तोच डबा खाली धरायला हात पुढं करतो.

यंदाही त्या बाया आल्या. बागेतली झाडं आपापल्या जागेवर होती. हे लिहिताना अजूनही जीव हलका होतो, कारण गेल्या वर्षी याच दिवसांत त्यातली सात झाडं जाणार होती. आणि ज्याच्या हातच्या चुकीनं ती जाणार होती, त्याच्याएवढं त्या झाडांना जपणारं माणूस साऱ्या जिल्ह्यात दुसरं नव्हतं.

त्याचं नाव खुशाल पचारे. जातीनं धिवर, वय साठीला टेकलेलं, अंगानं काटक. खांदे अजूनही जाळं फेकणाऱ्याचे आहेत, जरी जाळं त्यानं चोवीस वर्षांपूर्वीच खुंटीला लावलं.

त्या वर्षी रोवणीचे दिवस होते. धानाची रोवणी, तुमची भातलावणी, म्हणजे आमच्या भागात बायांचा हात. गावोगावच्या बाया गट करून मजुरीला निघतात, आज या गावच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, तर उद्या त्या गावच्या. सिंदेवाहीकडच्या काही, गोंडपिपरीकडच्या काही, अशा सव्वीस बाया नदीपलीकडच्या रोवण्याला नावेतून निघाल्या होत्या. मधोमध असताना वरून एकाएकी पाणी आलं आणि त्या पाण्यासोबत एक उपटलेलं झाड. ते आडवं येऊन नावेला लागलं. खुशाल काठावर जाळं सोडवत बसला होता. त्यानं आणि आणखी दोघा धिवरांनी उड्या टाकल्या. सात बाया जित्या निघाल्या. एकोणीस गेल्या.

त्या एकोणिसांत खुशालची धाकटी बहीण मंगली होती. ती धिवराची लेक, नदीत वाढलेली, माशासारखी पोहायची. म्हणून खुशालनं तिला सगळ्यात शेवटी ठेवलं. आधी ज्यांना पोहता येत नाही त्यांना काढू, मंगली आपली आपण निघेल, असा त्याचा हिशेब. पण मंगलीच्या दोन्ही दंडांना दोघीजणी धरून होत्या आणि तिनं त्यांना झटकलं नाही. तिघी मिळून दुसऱ्या दिवशी दोन कोसांवर सापडल्या.

देह चंद्रपूरच्या दवाखान्यात आणले. समोर एक मोकळं पडीक मैदान होतं. एकोणीस घरची माणसं तिथं चार दिवस बसून राहिली. चूल पेटली नाही. कोणी तिथं चटई टाकली, कोणी पोतं. ज्यांना एकमेकांची गावं माहीत नव्हती त्यांची चार दिवसांत नाती झाली. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत, कोणी न बोलावता, ती माणसं पुन्हा त्या मैदानावर येऊन बसली. नगरपालिकेच्या त्या वेळच्या मोठ्या साहेबांनी दवाखान्याच्या खिडकीतून पाहिलं, खाली येऊन विचारलं आणि वर्षभरात तिथं बाग करवली. कागदावर तिचं नाव स्मृती उद्यान. बोलण्यात बायांची बाग.

साहेबांनी अशोकाची एकोणीस रोपं मागवली होती, एका रांगेत, एका उंचीची. लागवडीच्या दिवशी मात्र लोक आपापल्या गावाहून आपापलं रोप घेऊन आले. कोणी चारोळीच्या चाराचं, कोणी बेहड्याचं, कोणी मोहाचं, कोणी आवळ्याचं. मंगलीसाठी खुशालनं नदीकाठचं जांभळाचं रोप आणलं होतं. साहेबांनी म्हणे अशोकाची रोपं परत गाडीत चढवायला सांगितली. खुशाल त्या दिवशी जो बागेत थांबला तो थांबलाच. नदीकडं त्याचं पाऊल वळेना. बागेची राखण करायला रोजंदारीवर त्याला ठेवून घेतलं.

मातीची रीत सुरू केली ताराबाईनं. ती सिंदेवाहीजवळच्या खेड्यातली, तिची लेक साधना आवळ्याखाली आहे. आहे म्हणजे, आम्ही तसंच म्हणतो. बाग झाली त्याच्या पुढच्या आषाढात ताराबाई डालड्याच्या जुन्या डब्यात बांधीचा चिखल घेऊन आली. चिखलणी झाली होती, रोवणी सुरू व्हायची होती. आवळ्याच्या बुंध्याशी तिनं तो चिखल थापला.

"काय करून राह्यली, मावशी?" खुशालनं विचारलं.

"तिचा रोवना अर्धा राह्यला ना गा. ती आता बांधीत येत नाई, तं बांधीच तिच्यापाशी आनली."

त्या साली ती एकटी. पुढच्या साली पाच घरं, त्याच्या पुढं सगळी. रोवणीला हात लावण्याआधी पहिला चिखल बायांच्या बागेत. मंगलीच्या घराला जमीन नव्हती. धिवराच्या घरी कुठली बांधी? म्हणून प्रत्येक जण आपल्या झाडाला माती घालून झाली की उरलेली मूठभर जांभळाला घालायचा. खुशालनं कोणाला सांगितलं नव्हतं. तो पाइप घेऊन दुसरीकडं पाणी घालायला निघून जायचा.

आता त्याची चूक सांगतो.

बाग उघडली तेव्हा ऑफिसातून त्याला एक जाड वही मिळाली. वर लिहिलेलं, 'भेट देणाऱ्यांची नोंद'. तारीख, नाव, गाव, सही. खुशालचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण अक्षर मोत्यासारखं, आणि त्या अक्षराचा त्याला मोठा अभिमान. त्यानं ती वही मनापासून भरली. सकाळी फिरायला येणारा दातांचा डॉक्टर. वाट चुकून आत शिरलेला पंपाचा विक्रेता. कॉलेजची मुलं, तपासणीचे साहेब. एकदा पाणी प्यायला थांबलेले तेलंगणाकडचे दोन ट्रकवाले, त्यांचीही नावं विचारून लिहिली. पण एकोणीस घरच्या माणसांचं एकही नाव बावीस वर्षांत त्या वहीत आलं नाही. घरच्यांना पाहुण्यांच्या ओळीत बसवणं त्याला अपमानासारखं वाटायचं. वही भरली की ऑफिसात जमा, तिथून नवी. आत काय आहे हे कोणी पाहिलं नाही, कारण कोणाला गरज पडली नाही.

गरज पडली ती रस्ता रुंद झाल्यावर. आधी बागेच्या समोर मोबाइलची तीन दुकानं आली, मग कपड्यांचं मोठं दुकान, मग चौकात दोन मजली हॉटेल. बागेच्या कुंपणावर जाहिरातींचे फलक चढले. खुशाल रोज एक काढायचा, रोज एक नवा लागायचा. कोणाला तिथं लग्नाचं लॉन हवं होतं, कोणाला गाड्या उभ्या करायला जागा. त्या गोष्टी आल्या तशा गेल्या. मग निकेश आला.

निकेश एका बांधकामवाल्याचा माणूस. पोरगा वाईट नव्हता. येताना खुशालसाठी हमखास चहा आणायचा.

"काका, उन्हातान्हात काय बसून राह्यता? इथी बिल्डिंग होऊन राह्यली. खाली बावीस दुकानं, वरतं खान्यापिन्याचं. तुम्हाले आत खुर्ची देतो, निळा ड्रेस देतो. एसीत बसा."

"एसीत मले सर्दी होते."

"तं पंख्याखाली बसा!"

"अन् झाडं?"

"मांगची बारा राह्यतेच ना. रोडकडची सातच जातीन. अन् नावाची मस्त भिंत बांधून देतो, ग्रॅनाइटची. शंभर वर्षं काही होत नाई."

"भिंतीले पानी घालता येते का?"

निकेश मनापासून हसला. "काका, तुम्ही लय मजाकी आहा."

रोडकडच्या सातांत आवळा होता. जांभूळही होतं. खुशालनं चहा संपवला, पेला धुऊन परत दिला. तो घाबरला नव्हता. इतके लोक येतात, एवढी बाग कोण तोडेल, असं त्याला वाटत होतं.

आठ दिवसांनी ऑफिसातला कारकून प्रवीण कागद घेऊन आला. प्रवीण गोंडपिपरीकडचा, मोहाचं झाड त्याच्या काकूचं, त्यामुळं बागेतलाच.

"खुशालभाऊ, बसा जरा."

"काऊन, कोन मेलं?"

"कोनी नाई. पन तुम्ही मारता आता साऱ्यायले." त्यानं कागद वाचला. "सदर उद्यानाचा नागरिकांकडून होणारा वापर अत्यल्प आहे. प्रवेशद्वारावरील नोंदवहीनुसार गेल्या वर्षभरात केवळ एक्केचाळीस व्यक्तींनी उद्यानास भेट दिली. सबब रस्त्यालगतच्या भागात व्यापारी संकुल उभारण्यास हरकत दिसत नाही."

"एक्केचाळीस?" खुशाल उभाच राहिला. "अरे, नुसत्या आषाढात दोनशे येऊन गेले!"

"मंग लिवले काऊन नाई?"

"त्यायले कसं लिवू? ते घरचे होय."

प्रवीणनं कपाळावर हात मारला. "वहीवर काय लिवलं आहे, भाऊ? भेट देनाऱ्यायची नोंद."

"भेट द्याले पाहुना येते. तुही माय बाजारातून घरी आली तं तू वहीत लिवते का?"

प्रवीणनं कागद त्याच्या हातात दिला. खुशालनं तो आकडा बोट ठेवून वाचला.   "म्हंजे माह्याच अक्षरानं," तो म्हणाला, आणि वाक्य तिथंच राहिलं.

सुनावणी दहा दिवसांवर होती. प्रवीण म्हणाला, "आजून टाइम आहे. दोन रंगाच्या शाया घ्या अन् बसा लिवत. चालू वही तुमच्यापाशीच आहे. नावं मी सांगतो. हे लोक आले होते, यात खोटं काय?"

खुशालनं वही उघडली. गेल्या आषाढाच्या पानावर ओळींच्या मधे जागा होती. त्यानं पेन टेकवलं आणि हात थांबला. ताराबाई आली होती हे खरं. पण कोणत्या तारखेला? मंगळवारी की बुधवारी? तिच्यासोबत नात दिव्यानी त्याच दिवशी होती, की नंतर आली? त्याला माणसं आठवत होती, डबे आठवत होते, कोणाच्या चिखलात शिंपले निघाले होते तेही आठवत होतं. तारखा आठवत नव्हत्या.

"खोटी तारीख टाकली तं तिचं येनं बी खोटं होऊन जाईन," तो म्हणाला आणि वही मिटली.

गावोगावी निरोप धाडा, सारे येऊन बसतील, असंही प्रवीणनं सुचवलं. खुशालनं ऐकलं नाही. चूक माझी, त्यासाठी लोकांनी रोवणी टाकून का यावं? तो हट्टी माणूस आहे. त्या दिवसांत जे कोणी डबा घेऊन आले त्यांनाही त्यानं काही सांगितलं नाही. फक्त जांभळाला पाणी घालताना पाइप तसाच धरून उभा राहायचा, इतका वेळ की पाणी वाहत फाटकापर्यंत यायचं.

सुनावणीच्या सहा दिवस आधी जागेचा उंचसखलपणा मोजायला एक पोरगी आली. रंजीता नाव, ऑफिसातली नवी इंजिनिअर. तिपाईवर यंत्र लावलं, आणि इसरू नावाचा मजूर आकड्यांची उंच पट्टी धरून झाडाझाडाशी उभा राहू लागला. ती यंत्रातून पाहायची, वहीत लिहायची. चौथ्या झाडाशी ती थांबली. जुना नकाशा काढला. पुन्हा पाहिलं.

"काका, ही भरती कधी केली?"

खुशालनं पाइप खाली ठेवला. वहीचं एक झालं, आता हे दुसरं. "कोनती भरती, मॅडम?"

"नकाशात जमीन सपाट आहे. इथं प्रत्येक झाडाखाली फूट-सव्वा फूट उंचवटा आहे. सगळी मिळून तीन ट्रॉल्या तरी माती होईल. कोणी टाकली?"

"मी नाई टाकली. ट्रॉली तं कधीच नाई आली." तो अडखळला. "डब्या-डब्यानं आली."

रंजीताला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिनं पट्टी जांभळाजवळ न्यायला सांगितली. तो आकडा सगळ्यात मोठा निघाला, जवळजवळ पावणेदोन फूट. "इसरू, इथं पहारीनं थोडं उकरा. खाली काय आहे ते पाहू."

"पहार नको!" खुशाल असा ओरडला की फाटकाबाहेरचा पानवाला वळून पाहू लागला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, मी काढतो. हातानं काढतो."

त्यानं खुरपी घेतली आणि जांभळाच्या एका अंगाला, मुळं चुकवत, लोणी काढावं तशी माती काढली. कोपरभर खोल, सरळ भिंतीचा खड्डा. रंजीता गुडघ्यावर बसली आणि वाकून पाहत राहिली.

त्या खड्ड्याच्या भिंतीत साऱ्या गावांच्या बांध्या एकीवर एक बसल्या होत्या. काळी, तिच्यावर पिवळसर, मग तांबडी, मग रेताड राखाडी, पुन्हा काळी. मधे मधे गोगलगाईंचे पांढरे शंख आणि धानाच्या जुन्या मुळ्यांचे दोरे. तिनं पिवळसर थरातला एक खडा काढून बोटांत चुरला. वास घेतला.

"ही बांधीतली माती आहे," ती म्हणाली. आता तिची बोली बदलली होती. "आमच्या बाबाच्या बांधीत अशीच निघते. सिंदेवाहीच्या पलीकडं."

"ताराबाईची असन," खुशाल म्हणाला. "तिकडच्याच होय त्या."

मग तिनं विचारलं आणि त्यानं सांगितलं. रोवणीचं, डब्यांचं, मुठीमुठीचं. मंगलीला शेवटी ठेवल्याचं मात्र नाही, ते तो सांगत नाही. ते मला दुसऱ्याकडून कळलं. रंजीतानं पट्टी खड्ड्यात उभी करून फोटो काढले, थर मोजले. उठताना म्हणाली, "काका, मी तुमच्या बाजूनं काही लिवनार नाई. विरोधात बी नाई. किती उंच आहे अन् कशाची आहे, तेवढंच लिवीन."

"तेवढंच लिवा, माय."

त्यानं माती ज्या क्रमानं काढली होती त्याच क्रमानं परत भरली. इसरू म्हणाला, या म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आहे.

सुनावणीला खुशाल इस्त्री केलेला सदरा घालून गेला. निकेशनं रंगीत चित्रं लावली होती. काचेची दुकानं, वर दिवे, समोर हसरी माणसं. साहेब बाहेरचे, साताऱ्याकडचे. त्यांनी वही पुढं ओढली.

"तुम्ही म्हणता दरवर्षी शेकडो लोक येतात. मग यात एकाचंही नाव का नाही?"

"साहेब, ही पाहुन्यायची वही होय. घरच्यायले त्यात कसं बसवू?"

मागच्या खुर्च्यांवर हसू फुटलं. साहेबांनी वर पाहिलं तसं थांबलं. मग रंजीता उठली आणि तिनं आपला कागद वाचला, वरखाली न होणाऱ्या आवाजात. मूळची उंची, आजची उंची, शेतातली माती, थर वीसच्या वर.

निकेश म्हणाला, "सर, माती काय, कोनी बी टाकू शकते. एका दिवसात टाकते."

"एका दिवसात टाकलेल्या मातीला असे थर पडत नाहीत," रंजीता म्हणाली. "आणि खालच्या थरात जांभळाची मुळं बोटाएवढी जाड आहेत. मधल्या थरात काडीएवढी, वरच्या थरात दोऱ्यासारखी. झाड थोडं थोडं वर येणाऱ्या मातीत वाढलंय. मोजमाप फाइलला आहे."

साहेब फोटो बराच वेळ पाहत राहिले. मग घड्याळ पाहिलं. "चला. मला बघायचंय."

दुपारचे दोन वाजले असतील. साहेब, रंजीता, निकेश, प्रवीण आणि खुशाल बागेत आले. बागेत गर्दी नव्हती. खुशालच्या मनात आलं, संपलं. पण ते रोवणीचे दिवस होते, आणि त्या पंधरवड्यात बाग पूर्ण रिकामी कधीच नसते. आवळ्याखाली ताराबाई बसली होती, डबा बाजूला ठेवून. तिला या साऱ्या भानगडीचा पत्ता नव्हता.

साहेब जवळ गेले, वाकून पाहू लागले.

"बाजूले व्हा, भाऊ. बुटानं चढू नका तिथं," ताराबाई म्हणाली.

प्रवीणनं डोळे मिटून घेतले. साहेब मागं सरले.

"उभे आहाच तं हे धरा जरा." तिनं डबा त्यांच्या हातात दिला आणि पदर खोचला. साहेबांनी डबा दोन्ही हातांनी धरला. तिनं त्यातून ओंजळ ओंजळ चिखल घेतला, बुंध्याभोवती थापला, तळव्यानं सारखा केला.

"हे कोण तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"माही साधना."

"दरवर्षी येता?"

"ती गेली तवापासून. आज एकटीच आली. परवा नात येते, दिव्यानी. ती दोन वर्साची होती. आता ब्रह्मपुरीले नर्स आहे." डब्याच्या तळाशी मूठभर चिखल उरला होता. ताराबाई उठून जांभळाशी गेली आणि तो तिथं लावला.

"आणि हे?"

"हे खुशालच्या बहिनीचं, मंगलीचं. त्यायच्या घरी वावर नाई, बांधी नाई. पन तिनं साऱ्यायच्याच बांधीत रोवना केला ना. म्हनून सारेच टाकतेत."

खुशाल तोवर पाइप गुंडाळायला लागला होता. पाइप आधीच गुंडाळलेला होता.

साहेब परत निघाले तेव्हा तो वही घेऊन फाटकाशी उभा. "साहेब, सही."

साहेबांच्या हाताला चिखल होता. तसंच पेन धरून त्यांनी सही केली. "आणि या बाईंची?"

खुशाल मान खाली घालून ताराबाईपुढं गेला. "मावशी, नाव लिवा लागते म्हन्ते."

"काऊन गा?" तिचा आवाज साऱ्या बागेत गेला. "मी पाहुनी कधीपासून झाली? बावीस साल माती टाकून राह्यली, अन् आता नाव सांगू तुले?"

साहेब हसले. पहिल्यांदाच हसले. गाडीत बसता बसता प्रवीणला म्हणाले, "यांना दुसरी वही द्या. घरच्यांची."

त्यावरून काहीच ठरलं नव्हतं. निकाल यायला तीन आठवडे गेले. खुशाल रोज सकाळी सातही झाडांना हात लावून फाटक उघडायचा. रोवणी आटोपली, धान हिरवं उभं राहिलं, आणि एका दुपारी प्रवीणची स्कूटी फाटकाबाहेरूनच हॉर्न वाजवत आली.

"खुशालभाऊ! राह्यली! रोडकडची साती राह्यली!"

खुशाल पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसला. "वाच."

प्रवीणनं वाचलं. रस्त्यालगतची सात झाडं आणि त्यांच्या बुंध्याभोवतीची मृदा कायम ठेवण्यात यावी. संकुल बागेच्या मागील बाजूस, बारा झाडांच्या पलीकडच्या जुन्या टिनाच्या गोदामाच्या जागेवर, बारा गाळ्यांपुरतं.

"परत वाच."

त्यानं परत वाचलं. खुशालनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा प्रवीण म्हणाला, "आता तुम्हीच वाचा ना, अक्षर तं तुमचं चांगलं आहे!" तेव्हा तो हसला, आणि हसता हसता सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसत बसला, बराच वेळ.

सगळं काही जसंच्या तसं राहिलं असं नाही. गोदामाबरोबर मागची मेंदीची कुंपणं गेली, मोडकी घसरगुंडी गेली. बारा दुकानं आली, त्यांचा आवाज येतो. निकेश तिथंच एका गाळ्यात बसतो. चहा अजून आणतो आणि म्हणतो, "काका, तुमच्या चिखलानं माही दहा दुकानं खाल्ली." खुशाल म्हणतो, "मंग आता एसी लाव अन् झोप."

दुसरी वही मात्र वर्षभर कोरीच राहिली. प्रवीणनं तिच्यावर 'घरची माणसं' असं ठळक लिहून दिलं होतं. खुशाल विचारायचा, लोक नाही म्हणायचे. यंदाच्या आषाढात ताराबाई आली तेव्हा त्यानं पुन्हा वही काढली. ती ऑफिसात काय झालं होतं ते आता साऱ्यांकडून ऐकून होती.

"लिव," ती म्हणाली. "पन आंधी तुह्यं लिव."

"माह्यं? मी तं इथीच असतो."

"म्हनूनच आंधी लिव."

त्यानं लिहिलं, त्याच्या मोत्याच्या अक्षरात. खुशाल पचारे, मंगलीचा भाऊ. तारीख टाकली. त्याखाली ताराबाईचं नाव लिहिलं, तिचा अंगठा घेतला.

मग तिनं साधनाची माती घातली आणि डब्यात उरलेला चिखल घेऊन जांभळाकडं न जाता त्याच्यापुढं आली. तो पाइपकडं वळत होता. "थांब गा," ती म्हणाली. तिनं त्याचे दोन्ही हात धरून ओंजळ करवली आणि त्यात चिखल ओतला.

"बावीस साल आम्हीच टाकून राह्यलो. आज तू टाक."

खुशाल जांभळाखाली बसला. त्यानं तो चिखल बुंध्याला लावला, तळव्यानं सारखा केला, आणि हात तिथंच ठेवून बसला. वर पाखरं होती, उरलीसुरली जांभळं टपटप खाली पडत होती. थोड्या वेळानं फाटकातून कोणी हाक मारली. गोंडपिपरीची गाडी आली होती, तिघीजणी डबे घेऊन उतरल्या होत्या. तो उठला, तसेच चिखलाचे हात घेऊन त्यांना आत घ्यायला गेला.